झाकणाखालचं रबर

सासूबाईंना आठवड्यातून दोनदा शिरूर अनंतपाळहून लातूरला डायलिसिसला न्यावं लागतं. हे गाडी चालवतात, मी मागं सासूबाईंजवळ बसते. आमची जुनी मोटार वाटेत बंद पडायची, आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू व्हायची. तीन मिस्त्र्यांनी इंजिन खोललं, पण दोष सापडला नाही.

लातूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्यानं मात्र बॉनेट उघडलंच नाही. हात पुसून तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि मला म्हणाला, "पुढं बसणारे लई बोलले. ताई, तुम्ही मागं बसता, तुम्ही सांगा."

परक्या माणसाशी बोलायला मला जमत नाही. तरी हळूच सांगितलं, "पेट्रोलचं झाकण उघडलं की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो." मग उरलेलंही सांगून टाकलं. वासानं सासूबाईंना मळमळायचं, म्हणून झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर मीच बसवलं होतं.

हे ताडकन माझ्याकडं वळले. मिस्त्री हसला. "रबरानं झाकणातलं हवेचं भोक बुजलं. टाकीत हवाच जाईना, तर पेट्रोल कसं येईल? गाडी गुदमरून राहिली." त्यानं रबर काढलं नाही, खिळ्यानं हवेपुरतं भोक पाडलं. ह्यांना म्हणाला, "रागवू नका मालक. सासूसाठी केलंय."

काल सासूबाई लातूरपर्यंत गाढ झोपल्या. आता निघताना हे आधी मला विचारतात, "मागं काही ऐकू येतंय का?"