कडीची जाडी

इनाशिओ लोहारानं तरुणपणी घडवलेले दोन चिंगे गेली अकरा वर्षं ओढ्यापलीकडच्या आल्दापे वाडीत होते. इतुर्बे वाडीत हा विषय जेवताना कुणी काढत नसे. काढलाच, तर म्हातारा इनाशिओ घेवड्याचा वाडगा पुढे सारायचा आणि म्हणायचा, "पोट भरलं."

चिंगा म्हणजे खाली लोखंडाचा जड ठोकळा आणि वर धरायला कडी. एकेका हातात एकेक घ्यायचा आणि चालत सुटायचं. आमच्या बास्क डोंगरात बैल, कुऱ्हाड, दगड, कशाच्याही पैजा लागतात, पण चिंग्याची खोड वेगळी आहे. त्यात पाय आधी थकत नाहीत, छातीही आधी भरून येत नाही. आधी बोटं सुटतात. डोकं ओरडून सांगत असतं, धर, धर, आणि करंगळी हळूच उलगडते, मग तिच्या शेजारचं बोट, आणि मग सगळा हातच परका होतो.

ऑगस्टच्या अखेरीस संत बार्तोलोमेची जत्रा भरते, तेव्हा टेकडीवरच्या छोट्या चर्चच्या अंगणात दोन्ही वाड्यांच्या बायका चिंगे घेऊन येरझाऱ्या घालतात. अंगणाच्या टोकाला वळायचं, परत यायचं, पुन्हा वळायचं. चिंगा जमिनीला टेकला की खेळ संपला. जी जास्त लांब जाईल तिच्या वाडीत चिंगे वर्षभर राहायचे. आल्दापेची कोन्चा जिंकत आली होती, म्हणून चिंगे कोन्चाच्या दारात होते. आणि इतुर्बेकडून दरवर्षी हरणारी बाई होती बित्तोरी, इनाशिओची एकुलती एक मुलगी.

बित्तोरी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. मेंढ्या पाळायची, चीज करायची, बापाला सांभाळायची. शाळेत असताना ती फार सावकाश लिहायची. बाकीची मुलं पाटी दाखवून पळत बाहेर जायची तेव्हा हिचं दुसरं वाक्य चाललेलं असायचं. पण तिनं लिहिलेलं कधी खोडावं लागलं नाही. पुढे तिला दोन स्थळं आली. दोघांनाही ती म्हणाली, "विचार करून सांगते," आणि तिचा विचार पुरा होईपर्यंत दोघांची लग्नं दुसरीकडे लागून गेली. ती दोन्ही लग्नांना चीज घेऊन गेली होती आणि मनापासून नाचलीही होती.

त्या वर्षीच्या जत्रेत बित्तोरीचा डावा हात वळणावरच सुटला. धप्प आवाज झाला आणि अंगणातली धूळ तिच्या पांढऱ्या मोज्यांवर बसली.

"अगं, हाताला लोणी लावून आलीस काय?" कोन्चा हसत म्हणाली. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या, त्यामुळे एकमेकींना काहीही बोलायची मुभा होती.

"आमच्याकडे लोणी नसतं, चीज असतं," बित्तोरी म्हणाली.

"मग पुढच्या वेळी चीजच उचल!"

लोक हसले. बित्तोरीही हसली. बाकावर बसलेला इनाशिओ हसला नाही. मोतीबिंदूनं त्याची नजर जवळजवळ गेली होती, पण चिंगा पडल्याचा आवाज त्यानं ओळखला होता. घरी जाताना तो चढावर थांबला आणि म्हणाला, "मी मरायच्या आत ते लोखंड माझ्या दाराला टांगलेलं मला हवंय. बघायला मिळणार नाही, पण हात तरी लावीन."

बित्तोरीनं नेहमीप्रमाणे वेळ घेतला. दाराशी पोचल्यावर म्हणाली, "आणते."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. दुधाचे दोन जुने कॅन तिनं पाण्यानं भरले आणि कुरणाच्या कडेनं चालायला सुरुवात केली. दूध काढायचं यंत्र गोठ्यात आल्यापासून तिच्या बोटांना काम उरलं नव्हतं, म्हणून दोन-चार मेंढ्या ती पुन्हा हातानं पिळायला लागली. फडताळावरची चीजची चाकं रोज उलटावी लागतात. ती आता एका हाताच्या चिमटीत कडेनं धरून उलटायची. गोठ्याच्या तुळईवर टॉवेल टाकून त्याची दोन टोकं धरून लोंबकळायची. मेंढ्या खाली उभ्या राहून वर बघायच्या.

नाताळापर्यंत ती चिंग्यांहून जड कॅन घेऊन कुरणाला दोन फेऱ्या मारू लागली होती. आता जमलं, असं तिला वाटलं. आणि तिथंच ती चुकत होती.

ते कळलं जानेवारीत. बंद पडलेल्या लोहारखान्यातला मोठा घण ओला होऊ नये म्हणून ती तो आत हलवत होती. कॅनपेक्षा घण कितीतरी हलका, पण उचलताना तो तिच्या हातातून फिरला आणि निसटला. तिनं पुन्हा धरला. पुन्हा निसटला. मग ती तिथंच ऐरणीवर बसली आणि घणाच्या दांड्याभोवतीच्या आपल्या मुठीकडे बघत राहिली. अंगठा आणि बोटं यांच्यात फट होती. कॅनची कडी बारीक. तिच्यावर बोटं पुरती मिटत, अंगठा वरून कुलूप घाले. बापाच्या चिंग्यांवर मात्र बोटं कधीच मिटली नव्हती. इनाशिओचे पंजे फावड्याएवढे, आणि त्यानं कडी घडवली होती ती स्वतःच्या पंज्याला बसेल अशी. इतके महिने बित्तोरी भलतीच ताकद कमावत बसली होती.

आणि खरे चिंगे तर कोन्चाच्या दारात! तिला हवं तेव्हा उचलायला मोकळे. दरवर्षी तीच का जिंकते याचा उलगडा आपल्याला झाला, असं बित्तोरीला वाटलं.

ती घरात गेली. "बाबा, तुमच्या चिंग्यांच्या कड्या किती जाड आहेत?"

"जाड आहेत."

"किती?"

"चांगल्या जाड."

"बाबा, माप सांगा."

"माप गिऱ्हाइकांसाठी असतं. स्वतःसाठी करताना कोण मोजतं?" म्हातारा चिडला. मग जरा वेळानं त्यानं उजवा हात पुढे केला, अर्धवट मिटला आणि तसाच हवेत धरून ठेवला. "एवढी. हाताला आठवतंय."

बित्तोरी लाकडाच्या ढिगाकडे गेली आणि कुदळी-फावड्यांसाठी वाळत घातलेले दांडे कवेत भरून घेऊन आली. एकेक दांडा ती बापाच्या मुठीत देऊ लागली.

"ही काय, पोरी, लेखणी आहे?" त्यानं पहिला फेकला.

दुसरा, तिसरा. "छे. यानं फार तर कोंबडी हाकता येईल."

पुढचा दांडा त्यानं बराच वेळ धरला, आणि तिला वाटलं हाच असणार. पण म्हाताऱ्यानं मान हलवली. आणलेल्यातला सगळ्यात जाड दांडा हातात आला तेव्हा त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं मूठ दोनदा उघडली, मिटली.

"हीच. हीच कडी. मी सांगतो ना तुला."

बित्तोरीनं तो स्वतःच्या हातात घेतला. फट केवढी तरी मोठी होती. "एवढी जाड होती?"

"तू दरवर्षी उचलतेस आणि मला विचारतेस?"

उचलायची खरी, पण त्या वेळी जत्रा असायची, लोक असायचे, अंगाला कंप असायचा. जाडी कुणी बघितली होती? तिनं बापाच्या हातावर विश्वास ठेवला. दांड्याचे तुकडे कापले, उभं भोक पाडलं आणि कॅनच्या कड्या त्यातून ओवल्या.

पहिल्या दिवशी अर्धे भरलेले कॅनसुद्धा कुरणाच्या फाटकापर्यंत गेले नाहीत. कुरणाला दोन फेऱ्या घालणारी बाई फाटकापाशी ओल्या गवतात उभी राहून हात झटकत होती. तिनं थोडं पाणी ओतून दिलं. पुन्हा उचललं. पुन्हा थोडं ओतलं. फाटक गाठता येईल एवढंच पाणी उरलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं. इथून."

मग एकेक वाटी पाणी वाढत गेलं. दांडा तळव्याच्या मध्यावर घेतला की कातडी चुरगळते, म्हणून तो बोटांच्या मुळाशी बसवायचा, हे तिला तळव्यावरच्या फोडांनी शिकवलं. आमच्याकडे हाताचे घट्टे म्हणजे दागिने. ते कुणी काढत नाही. बित्तोरीचा एक जाड घट्टा मार्चमध्ये मुळापासून फाटला. त्यानंतर ती दर रविवारी चर्चला जायच्या आधी बापाच्या बारीक कानशीनं घट्टे घासून सपाट करायची. म्हातारा तो आवाज ऐकून म्हणायचा, "कुणाचं लग्न आहे?"

एप्रिलमध्ये कोपर दुखायला लागलं. सकाळी बोटं उघडेनात. कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. तरी ती रोज कॅन घेऊन बाहेर पडायची, कारण मेंढ्यांना सुट्टी नसते आणि ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत त्यांना ती ठाऊक नसते. एक दिवस इनाशिओ फाटकात काठी आडवी धरून उभा राहिला.

"आज नाही."

"बाबा, बाजूला व्हा."

"थंड लोखंडावर सारखं ठोकत राहिलीस तर काय होतं?"

ती काठीखालून वाकून जायला लागली.

"लोहाराची मुलगी ना तू? काय होतं?"

"तडकतं."

"मग जा आणि मक्याच्या पिंपात हात घालून बस. मुठी वळू नकोस. बोटं उघड. तुझा हात नुसता मिटायलाच शिकलाय."

तेव्हापासून ती एक दिवस कॅन उचलायची आणि दोन दिवस हाताला मोकळं ठेवायची. मोकळ्या दिवशी मक्याच्या दाण्यात पंजा खुपसून बोटं फाकवायची. तिला हा सगळा आळस वाटायचा. पण कोपर निवलं, आणि मे महिन्यात पाणी भराभर वाढू लागलं.

जूनमध्ये बाजारात कोन्चा भेटली. तिनं बित्तोरीचा हात धरून उलटा केला आणि तळव्याकडे बघितलं. "हे काय? घट्टे कुठे गेले? शहरात राहायला चाललीस की काय?"

"जत्रेला सांगते," बित्तोरी म्हणाली.

"तुझं सांगणं मला माहीत आहे. दोन नवरे त्यात गेले."

जत्रेच्या दिवशी ऊन चांगलंच होतं. आल्दापेच्या लोकांनी ट्रॅक्टरमधून चिंगे आणले आणि अंगणाच्या मधोमध ठेवले. पहिली चिठ्ठी कोन्चाची निघाली. ती दणदणीत चालली, वळणांवर जराही न डगमगता, आणि ती जिथं थांबली तिथं तिच्या नवऱ्यानं आपली काळी टोपी जमिनीवर ठेवली. गेल्या वर्षीपेक्षा ती लांब गेली होती. आल्दापेवाले सफरचंदाच्या सायडरचे पेले वर करून ओरडले.

बित्तोरी पुढे आली. हात पुसले. वाकली. बोटांच्या मुळाशी कडी बसवली आणि मूठ मिटली.

मूठ जवळजवळ मिटली! फट होती, पण किती लहान. ती तशीच वाकून राहिली. कड्या बदलल्या की काय? तिनं डोकं आणखी खाली नेलं. डाव्या कडीच्या आतल्या बाजूला बापाची खूण होती, छिन्नीची तीन टिंबं. चिंगे तेच होते. मग तिला हळूहळू कळलं, आणि मान न उचलताच तिनं बाकाकडे डोळे फिरवले. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. त्याच्या आठवणीत ती कडी इतक्या वर्षांत जाडच होत गेली होती.

"झोपली काय ती?" कुणीतरी ओरडलं.

बित्तोरीनं उचललं.

पहिल्या येरझाऱ्या तिला सोप्या वाटल्या, आणि म्हणूनच तिनं पाय मुद्दाम हळू टाकले. तिसऱ्या वळणानंतर वजनानं आपली ओळख करून दिली. खांदे खाली ओढले गेले, घाम डोळ्यांत उतरला. डाव्या हाताची करंगळी सरकली. गेल्या वर्षी ती अशी सरकली तेव्हा बित्तोरी घाबरून मूठ आवळायला गेली होती आणि सगळंच सुटलं होतं. या वेळी तिनं करंगळीला जाऊ दिलं आणि बाकीच्या बोटांत कडी नुसती अडकवून ठेवली. कोन्चा थांबली तीच फेरी आता चालू होती, आणि काळी टोपी दिसत होती. ती जवळ येत नव्हती. मग आली. मग तिच्या उजव्या बुटाशेजारी होती, आणि मग मागे.

"औपा, बित्तोरी! औपा!" इतुर्बेवाले ओरडत होते.

ती आणखी एका वळणापर्यंत गेली. तिथं तिनं चिंगे पडू दिले नाहीत. गुडघे वाकवून, भरलेला कॅन ठेवावा तसे खाली ठेवले. धप्प आवाज झाला नाही, म्हणून इनाशिओला काही कळेना. "काय झालं? कुठं आहे ती?" तो शेजाऱ्याला विचारत राहिला.

कोन्चा पाण्याचा तांब्या घेऊन आली. "कशी गं? कुठून आली एवढी पकड?"

"तुझ्या दारात वर्षभर चिंगे असतात. मला दुसरं काहीतरी करावं लागलं."

"मी त्यांना हात लावते असं वाटलं तुला?" कोन्चा खो खो हसली. "अगं, त्यांच्यावर जिरेनियमच्या कुंड्या होत्या! काल उतरवल्या मी. मला डुकरांच्या बादल्या पुरतात. त्यांच्या कड्या बोटं कापतात, म्हणून चिंध्या गुंडाळून गुंडाळून मनगटाएवढ्या झाल्यात."

बित्तोरीला आपल्या कॅनवरचे लाकडी तुकडे आठवले. मग तीही हसायला लागली. बोटं अजून नीट मिटत नव्हती, त्यामुळे तांब्यातलं निम्मं पाणी तिच्या झग्यावर सांडलं.

संध्याकाळी चिंगे लोहारखान्याच्या दाराशी, भिंतीतल्या जुन्या आकड्यांना टांगले गेले. दोन्ही वाड्यांचे लोक आले होते. इनाशिओला कुणीतरी हात धरून पुढे नेलं. त्यानं ठोकळा चाचपला, खुणेची टिंबं चाचपली, मग कडीभोवती मूठ मिटली. कपाळावर आठी पडली.

"बारीक झालीय."

त्यानं दुसरी कडीही चाचपली.

"झिजली. माझी कडी एवढी नव्हती."

"इनाशिओकाका, कुंड्यांनी झिजवली म्हणता?" कोन्चा म्हणाली.

"आल्दापेत ठेवलं की लोखंडसुद्धा वाळतं," म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. "खरं की नाही, पोरी?"

बित्तोरीनं वेळ घेतला. "झिजली असेल, बाबा," ती म्हणाली.

मग ती गोठ्यात गेली, कॅनच्या कड्यांतून ते लाकडी तुकडे सोडवले आणि फाटकाशी जाऊन कोन्चाच्या हातात दिले. "बादल्यांना लाव. चिंध्यांपेक्षा बरे."

कोन्चानं मूठ मिटून बघितली. "बाप रे. आणि तू?"

"मी बघते काहीतरी."

कोन्चा उतार उतरून ओढ्याकडे दिसेनाशी झाली, तेव्हा बित्तोरी लाकडाच्या ढिगापाशी वाकलेली होती. एकेक दांडा मुठीत धरून ती बाजूला टाकत होती, कोन्चाला दिल्याहून जाड एखादा मिळतो का ते बघत.