हुशार लेकरांचा कच्चा वर्ग

अमिनाबी आमच्या हट्टा गावातल्या एका शाळेत चौथीला शिकवायची. बांगडीवाल्याची लेक. ती स्वतः चौथीत पहिली आली तेव्हा वडिलांनी पाठ थोपटली आणि, आता एवढं शिक्षण पुरे, म्हणून दुकानात बसवली. दोन वर्षं तिनं नुसतं मनगट बघून बांगडीचं माप सांगितलं. तिसऱ्या वर्षी भांडून शाळेत परत गेली. 'तुला येतंय ना, मग गप बस' असं हुशार लेकराला कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं, ते तेव्हापासून.

२००१ सालची गोष्ट. हिंगोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. नव्या कचेरीतून पत्र आलं, की चौथीच्या हुशार मुलांसाठी शाळा सुटल्यावर तासभर विशेष वर्ग काढा. मुलं किमान बारा. डिसेंबरात तपासणी होईल. पसंत पडला तर वर्ग राहील, नाहीतर बंद. अमिनाबी ते पत्र नाचवत शेजारी माझ्याकडे आली. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे सिस्टर शनिवारी कोडी घालत, ती सगळी मी वह्यांत तारखेनिशी उतरवून ठेवलेली.

"काकू, साऱ्या वह्या काढा," म्हणत तिनं स्वतःच कपाट उघडलं आणि खाली बसकण मारली.

तिनं बारा नावं निवडून घरोघरी चिठ्ठ्या धाडल्या. १४ जुलै, शनिवार. कोडी वाचून दाखवायला मीही गेले होते. वर्गात एकही लेकरू नाही. दारात मात्र रुक्माबाई उभी. तिचा प्रज्ञेश पहिलीपासून पहिला यायचा.

"बाई, आमच्या लेकराचं नाव काहून टाकलं?"

"हुशार हाय म्हणून."

"हुशार हाय तर जादा तास काहून?"

अमिनाबीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. आमच्याकडे जादा तास म्हणजे कच्च्यांचा तास, हे साऱ्या गावाला पाठ. रुक्माबाईच्या लेखी तिच्या लेकाला चिठ्ठी लिहून ढ ठरवलं होतं. बाकीच्या अकरा घरांतही तीच बोंब.

"त्याला अजून हुशार करू, रुक्माबाई."

"हाय तेवढा बराबर हाय. आताच मला उलटून बोलून राहिला."

तासाभरात सोनाजी आपल्या लेकीला, आकांक्षाला, हाताला धरून आला. "बाई, कच्च्यांचा वर्ग काढला म्हणे. हिला घ्या. हिच्याएवढं कच्चं हट्ट्यात न्हाई सापडायचं." हे त्यानं चांगलं अभिमानानं सांगितलं आणि आकांक्षानंही मान डोलावली. सोमवारपर्यंत अशी बारा लेकरं जमली. सगळी शेवटच्या बाकांवरची.

अमिनाबी माझ्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "कागदावर बारा पाहिजेत ना काकू? बारा हायेत. कोडी आणा."

आणि मग त्या वर्गानं गाव डोक्यावर घेतलं. लेकरांनी काठीच्या सावलीवरून लिंबाच्या झाडाची उंची काढली. एका कणसात दाणे किती, यावरून दोघांची जुंपली आणि कणीस मोजता मोजता तिसऱ्यानं खाऊन टाकलं. आकांक्षानं अक्षरांच्या जागी आकडे लिहायची गुप्त लिपी काढली. आठवडाभर घरोघरी आकड्यांच्या चिठ्ठ्या फिरत होत्या आणि आया त्या उलट्यासुलट्या धरून बघत होत्या. प्रज्ञेश खिडकीच्या गजांना लटकलेला असायचा.

ऑक्टोबरात रुक्माबाई पुन्हा आली. या वेळी आवाज मऊ.

"बाई, आमचं लेकरूबी कच्चं हाय. लिहून घ्या."

"पहिला येतो की."

"पाठ करून येतो हो. काल दळण आणाया धाडला, तर डबा गिरणीतच ठिवून आला. लई कच्चा हाय."

प्रज्ञेश तेरावा झाला. मागच्या बाकावर.

तपासणी जवळ आली तशी हेडमास्तरांची झोप उडाली. "बाई, त्या दिवशी या कच्च्यांना सुट्टी द्या. पहिले बारा बोलावून बसवू. नाहीतर वर्ग गेला समजा."

"बसवा, सर. मग मी घरी बसते," अमिनाबी म्हणाली. रात्रभर जागीही तीच राहिली.

१२ डिसेंबरला साहेब आले. त्यांनी आधी गुणांची वही उघडली. "बेचाळीस टक्के? छत्तीस? ही हुशार मुलं?"

"साहेब, तकलीफ नसंल तर लेकरांना काही विचारा," अमिनाबी म्हणाली.

साहेबांपुढे नुकताच चहा आला होता. कपाकडे बघत ते म्हणाले, "बरं, हट्ट्यात रोज किती कप चहा होत असेल?"

आकांक्षा उठली. "सायब, बाजाराच्या दिवशी का सादा?"

"साधा."

"पाव्हणे धरून का सोडून?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. तेवढ्यात सगळा वर्ग उठला. घरं किती, घरात माणसं किती, दूध नसलं तर कोरा चहा धरायचा का, म्हाताऱ्यांचे दोन लावायचे का. प्रज्ञेश म्हणाला, उत्तर पुस्तकात नाही. त्याला चौघांनी खाली बसवलं. आकांक्षानं फळ्यावर गुणाकार चुकवला, शेजारणीनं तो सुधारला. साहेब कोट काढून फळ्यापाशी गेले आणि हॉटेलांचा चहा वेगळा धरावा म्हणून लेकरांशी भांडू लागले. त्यांचा स्वतःचा चहा गार झाला.

"तुमी दिवसाचे किती पेता?" आकांक्षानं विचारलं.

"सात."

"मग तुमाला सोडून द्यावं लागंल. तुमच्यानं सरासरी बिघडते."

साहेब एवढे हसले की चपराशी आत डोकावला.

शेरा पंधरा दिवसांनी आला. अमिनाबीनं तो मला इतक्यांदा वाचून दाखवला की न बघता लिहिते: 'वर्ग चालू ठेवावा. मुलांच्या निवडीची पद्धत समजली नाही, ती लेखी कळवावी.'

तिनं चार मसुदे केले, चारही फाडले. शेवटी एकाच ओळीचं उत्तर गेलं: 'निवड गावानं केली, मी फक्त नावं लिहून घेतली.'