दंडाचं माप

"वाढलंय."

हा शब्द उच्चारताना मावशींची दोन बोटं समोरच्या बाईच्या दंडावर असायची. दुधी कोवळा आहे का जून, ते बघताना आपण नख लावतो तसा एक चिमटा, आणि लगेच निकाल. कशी आहेस नाही, मुलं काय म्हणतात नाही. ऑफिसला जाणाऱ्या चार्टर्ड बसच्या रांगेत, दुधाच्या बूथवर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कुठंही. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या शर्माजींच्या तेराव्याला पांढऱ्या चादरीवर बसल्या बसल्या त्यांनी माझा दंड चिमटीत धरला आणि भजन चालू असताना कानाशी येऊन तेच म्हणाल्या. तिडीक माझ्या मस्तकात गेली, पण तेराव्याला भांडता येत नाही.

तुमच्याही सोसायटीत अशी एक मावशी असेल. आमची ब्लाउज शिवायची.

नव्वदच्या दशकात आम्ही नॉएडात राहायला गेलो तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये रस्ते कमी आणि खड्डे जास्त होते. चार मजली इमारती, लिफ्ट नाही, पाणी सकाळी तासभर. मराठी घरं मोजून सात. त्यांतलं एक मावशींच्या भावाचं, आमच्याच जिन्यात. करोल बागेत त्यांचं कुटुंब दोन पिढ्या राहिलेलं. भावानं इथं फ्लॅट घेतला तशा मावशीही आल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मराठी आमच्यासारखंच, फक्त मधे मधे 'बिल्कुल' आणि 'अच्छा' पेरलेलं. बाहेर त्यांना कुणी दीदी म्हणत, कुणी आंटी. आम्ही सातही घरं मावशी म्हणायचो.

त्यांच्याकडे एक हातमशीन होतं, घुमटासारखं लाकडी झाकण आणि वर कडी असलेलं. मावशी गिऱ्हाइकाला घरी बोलवत नसत, मशीन घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जात. भावजयीला घरात चिंध्या चालत नाहीत, असं कारण सांगत. उजव्या हातात मशीन, डाव्या खांद्याला पिशवी, गळ्यात टेप, आणि उन्हाळा असो की डिसेंबर, कोपरापर्यंत बाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मशीन कठड्याला टेकवून थांबायच्या आणि पुन्हा चढायला लागायच्या. कुणी हात पुढे केला की म्हणायच्या, "नको, तुला जमणार नाही."

मी एकदा त्यांचं लक्ष नसताना ते मशीन आमच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. चौदा किलो. आणि ही बाई मला सांगायची की बायकांनी वजन उचललं की दंड पैलवानासारखे होतात.

पण मी वजन का उचलायला लागले, ते आधी सांगायला हवं. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आई म्हणायचे, पक्षाघात झाला आणि त्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, कळायचं मात्र सगळं. माझे यजमान तेव्हा भोपाळला बदलीवर, महिन्यातून एकदा येणार. दिवसभर एक बाई होती, पण सकाळ, संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस माझे. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना रोज उठवून खुर्चीत बसवा, एकदा पलंगाला खिळल्या की संपलं. आईंनाही बाल्कनीत बसायला आवडायचं. समोर नवी इमारत उठत होती, तिचे मजले त्या डाव्या हाताच्या बोटांवर मोजायच्या.

एका रविवारी त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझे हात सुटले. आम्ही दोघी हळूच घसरत फरशीवर बसलो. लागलं कुणालाच नाही, पण मला त्यांना वर घेता येईना. पासष्ट किलोंचं शरीर, त्यातलं अर्धं साथ न देणारं. रजईवर घेऊन बघितलं, खुर्ची आडवी लावून बघितली. अर्धा तास गेला. आईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या डाव्या हातानं माझीच पाठ थोपटत होत्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी ब्लाउजचं माप घ्यायला म्हणून आत आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मशीन खाली ठेवलं, पदर खोचला, आईंच्या मागे जाऊन दोन्ही काखांखालून हात घातले. "काकू, डावा पाय रोवा," एवढंच म्हणाल्या आणि एका दमात आईंना पलंगावर बसवलं. मग मला विचारलं, मशीन कुठं ठेवू, उजेड कुठं चांगला आहे?

मला हुंदका आवरेना. त्या भरात मी म्हणाले, "मावशी, मला तुमच्यासारखे दंड हवेत."

मी मनापासून म्हणाले होते. मावशींचा चेहरा मात्र एकदम बंद झाला. कोपरापर्यंत असलेली बाही त्यांनी आणखी खाली ओढली, जणू ती अजून लांब होणार होती. "आज उजेड बरा नाही," असं म्हणून मशीन उचललं आणि निघून गेल्या. सकाळचे दहा वाजले होते आणि बाल्कनीत लख्ख ऊन होतं.

त्याच महिन्यात सेक्टरच्या मार्केटमध्ये तळघरात जिम उघडलं. चारी भिंतींना आरसे, दारावर 'लेडीज टाइमिंग'ची पाटी. टीव्हीवर चॅनेल वाढले होते, आपल्या मुली जगातल्या सौंदर्यस्पर्धा जिंकत होत्या आणि सगळ्या सेक्टरला अचानक बारीक व्हायचं होतं. मला बारीक व्हायचं नव्हतं. दिवसभराच्या बाईला तासभर जास्त थांबायला सांगून मी संध्याकाळी बसमधून उतरून तिथं गेले आणि तिथल्या मास्तरला म्हणाले, मला माणूस उचलायला शिकव. त्यानं माझ्या हातात एकेक किलोची दोन गुलाबी डंबेल दिली.

"मॅडम, लेडीज के लिए यही है. भारी उठाओगी तो बॉडी बन जाएगी."

"भैया, मेरी सास पैंसठ किलो की हैं," मी म्हटलं. "और गुलाबी भी नहीं हैं."

आठवडाभर वाद घातल्यावर त्यानं लोखंडी दांडा आणि चकत्या दिल्या, पण जबाबदारी आपली नाही असं माझ्या यजमानांकडून लिहून आणायला सांगितलं. यजमान भोपाळला. मीच लिहिलं, मीच सही केली.

आणि मग मावशींची मोहीम सुरू झाली. मी जिमला जाते हे त्यांना कळायला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवसापासून चिमटा आणि 'वाढलंय'. सातही घरांत बातमी गेली की हिच्या ब्लाउजला आता कापड पुरणार नाही. एक शेजारीण तर काळजीनं विचारायला आली की मला मिशा तर फुटत नाहीत ना. मावशींनी माझ्या पुढच्या तीन ब्लाउजच्या बाह्या अशा सैल शिवल्या की पंखा लावला की त्या फडफडायच्या. वर शिवणीत आत दोन-दोन बोटं जादा कापड दाबून ठेवलेलं. का, तर लागेल. मी दंडाला जाहीर नोटीस चिकटवून हिंडत असल्यासारखं सगळं चाललं होतं. अकरा इंच दंड माझा. जिमच्या आधी अकरा, सहा महिन्यांनी अकरा. घरी दर रविवारी मी मोजत होते. मावशी मोजायच्या तेव्हा साडेअकरा.

शेवटी मी नीट लक्ष दिलं. टेप गुंडाळताना मावशी टेपच्या आत स्वतःचं एक बोट ठेवत होत्या.

"मावशी, बोट काढा."

"सैल राहायला बोट घालावंच लागतं. मी तीस वर्षं शिवतेय."

"मग आधी का नाही घातलंत?"

"आधी गरज नव्हती," मावशी म्हणाल्या.

मी त्या दिवशी फार बोलले. बोलू नये तेही बोलले. तुमचं चौदा किलोंचं मशीन चालतं आणि माझा दांडा चालत नाही, हा कुठला न्याय, असं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीन म्हणजे काय वजन का? मशीन म्हणजे मशीन." मी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर तीन महिने आमचं बोलणं बंद होतं.

बंद माझ्याशी. आईंकडे त्या येतच राहिल्या. त्यांनी आपण होऊन आईंसाठी पुढून उघडणारी, नाड्यांची पोलकी शिवली. लुळा हात न पिळवटता घालता यावीत म्हणून एका बाजूची शिवणही नाड्यांची. पैसे देऊ केले तर ऐकू न आल्यासारखं करायच्या. मी स्वयंपाकघरात निघून जायचे आणि त्या आईंशी बोलत बसायच्या. आई बोलू शकत नव्हत्या, म्हणूनच बहुधा.

अशाच एका रविवारी मी कणीक मळत होते आणि पलीकडून मावशींचा आवाज येत होता. त्या शाळेत गोळाफेक करायच्या. करोल बागेतल्या त्यांच्या शाळेला त्यांनी दोन कप मिळवून दिले. मग स्थळं यायला लागली. पहिल्या मुलाच्या आईनं चहाचा कप घेता घेता त्यांचा दंड धरला, दाबून बघितला आणि म्हणाली की आम्हाला सून हवी आहे, पैलवान नको. ते त्यांच्या वडिलांच्या समोर. वडिलांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही कप कुणाला तरी देऊन टाकले. नंतरची दोन स्थळं आली तेव्हा बाह्या कोपरापर्यंत होत्या, पण बातमी आधीच पोचलेली.

"तुमच्या सुनेचं बरं आहे, काकू," मावशी म्हणत होत्या. "तिचं लग्न झालंय. पण लोक कधी धरतील दंड, सांगता येतं का? मी आपली आधी धरून बघते."

कणीक तशीच हातात धरून मी उभी राहिले. मला राग आला होता. त्या चहा पिणाऱ्या बाईचा आला, कप देऊन टाकणाऱ्या वडिलांचा आला, आणि खरं सांगते, मावशींचाही आला. जे आपल्याला लागलं तेच हातात घेऊन ही बाई तीस वर्षं सगळ्यांना टोचत होती. पण माझं ते वाक्य, तुमच्यासारखे दंड हवेत, तेही आठवलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

मी बाहेर जाऊन मावशींपुढे दंड केला आणि म्हणाले की नवीन ब्लाउज शिवायचंय, माप घ्या. त्यांनी बोट घालूनच मोजलं. मी दंड तसाच धरून ठेवला.

आई त्यानंतर चार वर्षं होत्या. समोरची इमारत पुरी झाली, तिच्यात लोक राहायला आले, त्यांची भांडणंही आईंनी बाल्कनीतून पाहिली. शेवटच्या आठवड्यापर्यंत मी त्यांना रोज खुर्चीत बसवलं आणि हात पुन्हा सुटले नाहीत. मावशी मात्र दंड चिमटीत धरून तेच म्हणत राहिल्या. मी मान डोलवायचे. वैताग कमी झाला नव्हता. त्याची सवय झाली होती.

मग मावशी थकल्या. आधी टाके दिसेनासे झाले, मग जिना जमेना. एका आजारपणानंतर वजन इतकं उतरलं की बाह्या त्यांच्या अंगावर लोंबायच्या. भाच्याला गुडगावला नोकरी लागली होती, त्यानं तिथं अठराव्या मजल्यावर घर घेतलं होतं, लिफ्टचं. सगळं कुटुंब तिकडे निघालं. सामान गेलं, खाली टॅक्सी उभी राहिली आणि मावशींना तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचा प्रश्न आला. चौकीदार आणि ड्रायव्हर प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर आले. मावशींनी पलंगाची कड धरली. परक्या पुरुषांच्या हातांनी जाणार नाही, हा एकच हेका. भाऊ चिडला, भावजय रडायला आली.

मला बोलावणं आलं. मी पाठ करून पलंगापुढे बसले आणि म्हणाले, "मावशी, पाठुंगळी या."

"तुला जमणार नाही."

"आईंना चार वर्षं उचललं मी."

त्या आल्या. चाळीस किलोही नसतील. मी एक हात कठड्यावर ठेवून एकेक पायरी उतरत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कानाशी आवाज आला, "थांब. इथं थांबायचं असतं." मी थांबले. खांद्यावरून त्यांचा हात खाली सरकला आणि दोन बोटं माझ्या दंडावर आली. मी त्या शब्दाची वाट बघत राहिले. बोटं माप घेतल्यासारखी दंडाभोवती फिरली.

"अकरा," मावशी म्हणाल्या. "तेव्हाही अकराच होतं."

"मला माहीत होतं, मावशी."

"मलाही," त्या म्हणाल्या. "चल."

त्यांना टॅक्सीत बसवलं तेव्हा लक्षात आलं की मशीन वरच राहिलंय. मी धावत जाऊन ते उचलून आणलं आणि खिडकीपाशी धरलं. मावशींनी झाकणावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"तुझ्याकडे ठेव," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी धर, जड आहे ते."

त्याच हिवाळ्यात गुडगावला मावशी गेल्या. कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते, त्यामुळे टॅक्सीपाशी झाली तीच आमची शेवटची भेट. त्या दिवशी टॅक्सी वळली आणि मी मशीन घेऊन जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला टेकवलं. दम लागला नव्हता, तरी थांबले.