मजकुरात बदल नाही

निघोज्याच्या पुढे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कागदपत्रं सांभाळते. कोणतं मशीन कसं चालवायचं याच्या मराठी सूचना खूप वर्षांपूर्वी मीच वर्डमध्ये टाइप केल्या होत्या. चौकटी, ठळक मथळे, धोक्याची वाक्यं लाल. लग्नपत्रिकेला शोभेल असा थाट.

मग प्रत्येक मशीनपाशी छोटे स्क्रीन लागले. त्यांना फक्त साधी टेक्स्ट फाइल चालते असं कळलं. साहेबांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "आठवडा तरी."

प्रत्येक फाइल फक्त टेक्स्ट म्हणून सेव्ह करायची होती; काम पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपलं. उरलेले दिवस मी कामात बुडालेली दिसत राहिले आणि शनिवारी सगळ्या फाइली, एकही उघडून न बघता, पाठवून दिल्या.

सोमवारी प्रेस मशीनवरचे काका माझ्या टेबलाशी आले. गावातलेच, रिटायर व्हायला आलेले.

"ताई, यल के पी के म्हंजी काय वं? नवा पक्ष निघालाय का?"

जाऊन पाहिलं. जिथे 'साचा' हवा तिथे lkpk होतं. पुढचं सगळं त्याच भाषेत. जुन्या मराठी फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी फक्त वरून दिसतं. फाँट गेला, मराठी गेलं. इतकी वर्षं कंपनीत इंग्रजीला नाक मुरडत मी हेच टाइप करत होते.

आता सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेल्या अक्षरांत, नव्यानं टाइप करणं आलं. लाजेकाजेस्तव प्रेसपाशीच खुर्ची टाकून सुरुवात केली. जुनी प्रत मोठ्यानं वाचली, "साचा स्वच्छ फडक्याने पुसावा."

"फडकं न्हाई," काका म्हणाले. "धागा अडकतो. आमी हवेनं फुकतो."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

"मग हे फडकं कुठून आलं?"

"त्ये तुमी लिवलंय. आमाला कुठं इचारलं हुतं?"

लाल ओळीत ज्या दांड्याला हात लावू नका असं बजावलं होतं, तो दांडा दुरुस्तीत कधीच काढून टाकला होता. कुणाचा हात लागला नाही, यात माझ्या लाल रंगाचा काहीच वाटा नव्हता.

मग मी एकेका मशीनपाशी बसले. विचारलं, ऐकलं, टाइप केलं. ना चौकट, ना रंग. पण पहिल्यांदाच लोक थांबून वाचायला लागले. काका तर स्वतःचं वाक्य दुसऱ्या शिफ्टवाल्यांना बोट ठेवून दाखवायचे.

तपासणीला आलेल्या बाईंनी सूचनांचं कौतुक केलं. साहेबांनी ते नम्रपणे स्वीकारलं. मग माझ्यापुढे एक छापील फॉर्म सरकवला : 'फाइलींचे रूपांतर पूर्ण. मूळ मजकुरात कोणताही बदल केलेला नाही.'

मी सही केली.