मधमाशीवर चढवलेलं सोनं

कृषी केंद्रासमोरून जाताना औषधाचा उग्र वास नाकात शिरला की मला अकोल्यातली ती थंडगार प्रयोगशाळा आठवते. चांदूर रेल्वेजवळच्या वाडीत मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, त्याच कृषी केंद्राच्या दुकानदाराचं ऐकून भर सकाळी कोहळ्यावर फवारणी केली, आणि उघड्या फुलांतच मधमाश्या मरून पडल्या. आपल्या हातानं मेल्या की रोगानं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. म्हणून डबीत एक माशी घेऊन आम्ही दोघी गेलो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसावी म्हणून तिच्यावर सोन्याचा पातळ थर चढवला, तेव्हा मोठी आई पुटपुटली, “पाह्य व, मेल्यावर सोनं चढोलं तिले!” पडद्यावर ढालीसारखं कवच आलं, मग मिशा, त्यांच्यावर बारीक केसांचं रान. “यांनीच ती वास घेते,” तिथल्या मॅडम म्हणाल्या. “विष मात्र या यंत्रात दिसत नाही.” मोठी आई पडद्याजवळ सरकली. “मंग बाई, माह्या औषदाचा वास काहून नाही आला तिले?” मॅडमनी पडद्यावरचा फोटो छापून तिच्या हातात दिला. दुकानदार आजही खुशाल तोच सल्ला विकतो, आणि मी ‘फुलं उघडी असताना फवारू नका’ असं सांगणाऱ्या पत्रकांवर तोच फोटो छापते. माश्या काही परतल्या नाहीत. फळ धरावं म्हणून मोठी आई रोज पहाटे नर फूल तोडून मादी फुलाला टेकवते, पण त्याआधी ते स्वतः हुंगून पाहते.