आरशाची हेल्मेटं

भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘आरसा’ म्हणत. त्याच्या हातून गेलेल्या पातेल्यात तोंड बघून केस विंचरावेत. बायको म्हणायची, नवऱ्याने माझ्याकडे कधी सरळ पाहिलं नाही, जे पाहिलं ते पातेल्यातच.

युद्ध सुरू झालं तेव्हा सैनिक कापडी टोप्या घालून लढायला गेले. शिर सलामत तर पगड्या पचास हे खरं. पण वरून लोखंडाचे तुकडे कोसळत असताना कापडाची पगडी काय कामाची, हे कळायला वरच्या साहेबांना वर्ष लागलं. त्यांची डोकी मुळातच जाड, त्यांना कसली घाई! मग हुकूम सुटला आणि पातेल्यांच्या साच्याशेजारी नवा साचा बसला. पोलादी पत्रा आत, हेल्मेट बाहेर. दिसायला पातेलंच, काठ तेवढा रुंद.

आरशाचा धाकटा भाऊ आघाडीवर होता. आईबाप गेल्यावर आरशानेच त्याला वाढवलं होतं. आपल्या हातची वस्तू त्याच्या डोक्यावर बसणार म्हणून त्याने कामात जीव ओतला. हुकूम फक्त रंग फासायचा होता. पण बिनपॉलिशचा माल पाठवणं म्हणजे अंघोळ न करता लग्नाला जाणं, असं त्याचं मत. रंग राहिला बाजूला, हेल्मेटं लखलखू लागली. तपासायला आलेल्या साहेबांनी हेल्मेटात आपल्या मिशा पाहिल्या, त्यांना पीळ दिला आणि मंजुरी देऊन टाकली.

काही महिन्यांनी धाकटा रजेवर आला. तो धडधाकट दारात उभा पाहून आरशाला रडू फुटलं. मग त्याची नजर हेल्मेटवर गेली आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळं चिखलाने लिंपलेलं! भावाला पाणीही न विचारता तो हेल्मेट घेऊन अंगणातल्या नळाखाली बसला आणि घासू लागला. बायको म्हणाली, बरोबर आहे, आधी भांडं, मग भाऊ.

धाकट्याने त्याचं मनगट धरलं.

“दादा, नको. चमकलं की लांबून दिसतं.”

सगळेच असा चिखल फासतात का, असं आरशाने जरा घुश्शातच विचारलं. धाकटा म्हणाला, पहिल्याच दिवशी फासतात. फक्त एकाने फासला नाही. गवंडी होता, माझ्या शेजारी झोपायचा.

“म्हणायचा, कुणीतरी एवढं जीव लावून केलंय, त्याला चिखल कसा फासू? रोज बाहीने पुसायचा. माझ्या दादाचं काम आहे म्हणून मीच त्याला सांगितलं होतं.”

धाकट्याने मान खाली घातली. पुढचं विचारायची आरशाची छाती झाली नाही.

रंगात वाळू मिसळून हेल्मेटं खरखरीत करायचं त्याने पुढच्याच आठवड्यात सुरू केलं, साहेबांच्या शिव्या खाऊन. पण त्या संध्याकाळी तो नळाजवळच्या ओल्या मातीत बसला आणि घासलेल्या जागी बोटांनी चिखल थापू लागला. मग हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवून त्याने भावाला फाटकापाशी पाठवलं.

“दिसतंय का?”

“नाही दिसत, दादा.”

आरशाने आणखी एक थर लावला.