भुईगावची वाळू नापास

छापलेल्या बातम्या लोक आठवड्याभरात विसरतात. न छापलेल्या मात्र रिपोर्टरच्या डोक्यात साठत जातात आणि चार मित्र बसले की बाहेर पडतात. माझा बराचसा साठा वसईतल्या एका कॉलेजच्या माती-खोलीतला. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी साप्ताहिकातून नगरपालिकेशी भांडायचो आणि दमलो की तिथे चहाला जायचो.

खोली डिमेलो सरांची. हवेतली वाफ कुठली माती किती धरते, हा त्यांच्या पीएचडीचा विषय. माती भट्टीत कडकडीत वाळवायची, दमट हवेच्या काचपेटीत ठेवायची, मग वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे मातीने प्यालेली वाफ. कामणची चिकट भातमाती दर वेळी पहिली, गोखिवऱ्याचा तांबडा मुरूम मधे आणि भुईगावची वाळू शेवटची. सर स्वतः भुईगावचे! त्यात त्या वर्षी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

*

सरांचा मदतनीस म्हात्रे कामणचा. वजन झालं की निवडणुकीचा निकाल द्यावा तसा सांगायचा, "सर, भुईगावचं डिपॉझिट जप्त."

*

एकदा पावसाळ्यात सरांनी भट्टी उघडली, तर मातीच्या डब्यांशेजारी सुके बोंबील. "सादळले होते सर," म्हात्रे म्हणाला. बोंबलाची वाफ मातीत शिरली, सगळं काम पहिल्यापासून करावं लागणार, असं सर बराच वेळ बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुरकुरीत झालेत का?"

*

वाळलेली माती श्वासातली वाफही ओढते, म्हणून तराजूजवळ सर आम्हाला श्वास रोखायला लावत. एकदा मी नगरपालिकेला शिव्या घालतच आत शिरलो आणि तराजूवर वाकून बोलत राहिलो. काटा हलला.

"तुझा अख्खा अग्रलेख कामणने पिऊन टाकला," सर शांतपणे म्हणाले. "उरलेला बाहेर जाऊन बोल."

*

मग मी बातमी छापली : 'भुईगावची माती शेवटून पहिली'. रविवारी मिस्सा सुटल्यावर सरांच्या आईने मला चर्चच्या आवारातच गाठलं. केळी आणि फुलं विकून तिने मुलाला शिकवलं होतं. मी शास्त्र समजावू लागलो, तिने मधेच तोडलं.

"याच मातीवर माझा पोर एम.एस्सी. झाला. नि तोच तिला नापास करतो?"

कलेक्टरला गप्प करणारा मी, गुपचूप सायकल काढली.

*

शेवटचं वजन बघायला सरांचे गाईड मुंबईहून आले. नमुने ताजे हवे होते. भुईगावची पिशवी सरांच्या आईने वाडीतून भरून दिली होती. वजन झालं आणि म्हात्रेला निकाल सांगवेना. भुईगाव पहिलं, कामणच्या कितीतरी पुढे!

गाईडसाहेब खूश. वाळू एवढी वाफ धरते हा नवाच शोध आहे, म्हणू लागले. सरांनी पिशवीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. गप्प राहिले असते तर प्रबंध त्याच आठवड्यात गेला असता.

"सर, माझ्या आईने यात मीठ घातलंय," ते म्हणाले. "पावसात मिठाला पाणी सुटतं, ते तिला ठाऊक आहे."

"पण का?"

"तिची माती नापास होऊ नये म्हणून."

गाईडसाहेबांनी चष्मा काढून पुसला. नवीन माती आणा, मुदत मी मागून घेतो, म्हणाले. मग विचारलं, भुईगावची एसटी कुठून सुटते?

दुपारी आम्ही सगळे सरांच्या घरी जेवायला. वाढता वाढता आईने हळूच विचारलं, "कितवी आली?"

सर तोंड उघडणार, तोच गाईडसाहेब म्हणाले, "पहिली."

ती आत गेली. आम्ही पहिला घास घेतला. कालवणात मीठच नव्हतं. सर मीठ शोधायला उठू लागले, तसं गाईडसाहेबांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"बसा, डिमेलो," ते म्हणाले, आणि आत हाक मारून आणखी कालवण मागितलं.